अर्सुलाचे दहा यार्ड

आमच्या दारामागच्या छत्र्यांच्या स्टँडला बूड नव्हतं. एकोणतीस वर्षं मी ही बनवणाऱ्याची चूक समजत होतो. स्टँड भारदस्त पितळेचं, खाली घेरदार, कमरेत बारीक आणि वर कर्ण्यासारखं फाकलेलं. सासऱ्यांनी एका शुक्रवारी आणून दिलेलं. छत्र्या त्यात झकास उभ्या राहत, फक्त त्यांचं पाणी थेट गालिच्यावर उतरे. म्हणून एनिडनं, म्हणजे माझ्या बायकोनं, खाली केकची एक जुनी ताटली सरकवून दिली होती. बनवणाऱ्याला खरमरीत पत्र लिहावं असं दोन-तीनदा माझ्या मनात आलं, पण कारखान्याचं नाव कुठं दिसेना, आणि उलटं करून बघावं तर ते भलतंच जड. असो. मला सांगायचं आहे ते अर्सुलाबद्दल.

अर्सुला म्हणजे थॉर्नबेकच्या कोळशाच्या खाणीतलं वाफेचं इंजिन. चार चाकं, बसकी चण आणि पाठीवर खोगीर टाकावं तशी पाण्याची टाकी. साठ वर्षं तिनं खाणीपासून स्टेशनापर्यंत वाघिणी ओढल्या. खाण बंद झाल्यावर आमच्या ग्रामसभेनं तिला मुलांच्या बागेत, झोपाळ्यांशेजारी रुळांच्या एका तुकड्यावर नेऊन उभं केलं. तिथं ती पोरांच्या बुटांखाली आणि कबुतरांच्या शेपटांखाली शांतपणे गंजत होती. चिमणीतून बर्चचं एक रोपटं उगवलं होतं. ते दर वसंतात पालवायचं आणि लोक म्हणायचे, यंदा अर्सुला छान दिसतेय.

मी गावातल्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. चौतीस वर्षं नोकरी केली. या काळात माझ्या हातून नेलेलं प्रत्येक पुस्तक मी परत मिळवलं. काही दवाखान्यातून, काही घटस्फोटातून, एक तर चक्क शवपेटीतून, झाकण लावायच्या आधी. फक्त एक सापडलं नाही. 'बॉयलरची निगा आणि भट्टीची शिस्त' हे पुस्तक माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या काळात, १९४९ साली, कोणीतरी नेलं होतं. नोंदवहीत नाव असायला हवं तिथं एक काळा अंगठा उमटला होता. निवृत्तीच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या कार्याचा गौरव केला, आणि मी त्या एका पुस्तकाचा विचार करत केक खाल्ला.

निवृत्तीनंतर आठव्या दिवशी एनिड म्हणाली, "डेस्मंड, तू घरात आहेस."

वाक्य साधंच होतं, पण मी टोपी घालून बाहेर पडलो.

बागेतल्या बाकावर विल्फ टन्स्टॉल बसले होते. वय शहाऐंशी. अर्सुलाचे शेवटचे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकून वाफ राखणारा माणूस. ते रोज दहा वाजता येऊन तिच्यासमोर बसत आणि बारा वाजता जेवायला जात. त्या दिवशी चिमणीखाली ग्रामसभेची एक नोटीस चिकटवलेली होती.

"चष्मा घरी राहिला, ऑल्डरसनसाहेब," विल्फ म्हणाले. "काय म्हणतात?"

मी वाचलं. अर्सुला दक्षिणेत, सरे परगण्यातल्या एका मोठ्या रोपवाटिकेला द्यायची होती. तिथं ती प्रवेशद्वाराशी उभी राहणार होती आणि तिच्या चिमणीत जिरॅनियम लावणार होते.

विल्फनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"जिरॅनियम?"

"हो."

"चिमणीत?"

"तसं लिहिलंय."

"लाल की गुलाबी?"

"ते लिहिलेलं नाही."

विल्फनी चिमणीकडं बघितलं. मग म्हणाले, "वाफेवर असताना एकदा परत तिच्यावर चढायचं होतं. एकदाच. पण आता फुलंच म्हटल्यावर..."

आणि मी, आयुष्यभर कुठलंही वचन नियमावली बघितल्याशिवाय न दिलेला माणूस, म्हणालो, "विल्फ, तुम्ही चढाल. मी बघतो."

पुढचं सगळं या एका वाक्यामुळं झालं.

ग्रामसभेच्या अध्यक्ष मिसेस हेसल्टन फार न्यायी बाई. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, मग चष्मा पुसला आणि ठराव सांगितला. पुढच्या वर्षी नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या जत्रेपर्यंत अर्सुला स्वतःच्या वाफेवर दहा यार्ड चालली, तर ती गावाची. नाही चालली, तर सरेची. दहाच यार्ड का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की झोपाळ्यापासून कुंपणापर्यंत तेवढीच जागा आहे.

समिती नेमली. इंग्रज माणूस बुडायला लागला तरी आधी समिती नेमतो आणि मग हात मारतो. समितीत माझ्याशिवाय तिघं होते. विल्फ होतेच. दुसरे मि. लमली, निवृत्त दंतवैद्य. हत्यारं स्वतःची आणणारा दुसरा कोणी उमेदवार नव्हता. तिसरा माझा शेजारी नेव्हिल डाउसन. नेव्हिल बक्षिसाच्या लीक पिकवतो, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी. मनगटाएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र, लहान मुलांपेक्षा जास्त लाडात वाढवलेल्या त्याच्या लीक सप्टेंबरच्या स्पर्धेत दर साल दुसऱ्या येतात. इंजिनाच्या धुरपेटीतली काजळी लीकना मानवते असं त्यानं ऐकलं होतं. त्याच्या सेवाभावाचं मूळ तेवढंच. पण सल्ल्याला माणूस उदार.

"डेस्मंड, राजा," तो कुंपणावरून म्हणाला, "हे तुझ्यानं व्हायचं नाही."

"का?"

"मागच्या वर्षी तुझ्या गवत कापायच्या यंत्राचं काय झालं?"

त्या यंत्राचा इथं काही संबंध नाही, म्हणून मी तो विषय वाढवत नाही.

पहिली अडचण कागदाची निघाली. ग्रामसभेच्या नोंदवहीत अर्सुला 'खेळाचे साहित्य, मोठे' या सदरात होती. तिच्या वर घसरगुंडी, खाली सीसॉ. तेव्हा दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या खेळ-साहित्य सुरक्षा विभागाची परवानगी लागणार होती. मी फोन केला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई फॉर्म भरत होती.

"हे साहित्य जागचं हलतं का हो?"

"सध्या नाही. हलावं अशीच आमची इच्छा आहे."

"खेळाचं साहित्य हलता कामा नये. टोकदार भाग?"

"आहेत."

"बरं. उन्हात तापतं का?"

"उन्हात नाही. आतून तापतं."

"किती?"

मी फोनवर हात ठेवून विल्फना विचारलं. विल्फ म्हणाले, "फावड्यावर अंडी आणि बेकन होईल एवढं म्हणा." मी तसं म्हणालो. पलीकडं बराच वेळ टाइपरायटर वाजला नाही.

तिथून आमचं प्रकरण 'तात्पुरत्या इमारती' विभागाकडं गेलं. त्यांनी इमारतीत स्वच्छतागृह कुठं आहे ते नकाशावर दाखवायला सांगितलं. चार महिन्यांनी एका सज्जन कारकुनानं चहा पिताना सुचवलं की 'उद्यान-देखभालीची यंत्रे' या सदराला कोणीच काही विचारत नाही. आम्ही तसं केलं. आजही सरकारदरबारी अर्सुला हे गवत कापायचं यंत्र आहे, आणि नेव्हिलला ते कळू नये याची मी काळजी घेतो.

मग काम सुरू झालं. बर्चचं रोपटं काढून एनिडनं कुंडीत लावलं. मि. लमली बॉयलरच्या तोंडात डोकं घालून आत साठलेला क्षार खरवडत, आणि त्यांच्या कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात ते इतके सुखी दिसत की कोणी त्यांना हटकत नसे. अधूनमधून आतून आवाज येई, "हे वेळच्या वेळी घासलं असतं तर आज ही पाळी आली नसती." विल्फ बाकावरून सूचना देत. नेव्हिल बादली घेऊन उभा असे. मी प्रत्येक सुट्या भागाचं एक कार्ड करून, अकारविल्हे लावून, चपलांच्या खोक्यात ठेवत होतो. विल्फनी मला दाखवलं की कारखान्यानं इंजिनाच्या प्रत्येक भागावर तिचा क्रमांक ठोकलेला असतो, म्हणजे एका इंजिनाचा भाग दुसऱ्यात जात नाही. अर्सुलाचा क्रमांक २१४७. मला गहिवरून आलं. इंजिन बनवणारे लोकही आतून ग्रंथपालच असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये बॉयलर तपासनीस मि. स्केल्टन आले. उंच, वाळलेला माणूस. खिशात छोटी हातोडी. त्यांनी बॉयलरला सगळीकडून टकटक केलं, कान लावला, म्हणाले, "हं." ही प्रशंसा आहे असं विल्फनी नंतर सांगितलं. मग त्यांनी वहीत लिहून दिलं की बॉयलर ठीक आहे, पण वाफेचा दाब दाखवणारी तबकडी नाही, वाफ सोडायचा दांडा नाही, भट्टीचं दार नाही, शिट्टी नाही. या चार वस्तूंशिवाय विस्तव पेटवायचा नाही.

"आणि टोपी," विल्फ हळूच म्हणाले. "वाफेच्या झडपांवरची पितळी टोपी. तपासनिसांना चालत असेल, पण तिला उघड्या डोक्यानं बाहेर काढायची नाही."

मी पाच कार्डं केली. प्रत्येकावर लाल शाईत लिहिलं, 'हरवले'.

"हरवलं कुठं?" विल्फ म्हणाले. "सगळं गावातच आहे."

"कोणाकडं?"

विल्फनी आभाळाकडं बघितलं. "खाण बंद झाली त्या शुक्रवारी... लोकांना वाटलं, उघड्यावर राहून खराब होईल. तर ज्यानं त्यानं थोडं थोडं सांभाळून ठेवलं."

तो शुक्रवार मला आठवत होता. त्या दिवशी ग्रंथालयात दिवसभर एकही माणूस फिरकला नव्हता.

त्यानंतर मला ठिकठिकाणी अर्सुला दिसायला लागली. चॅपलच्या स्वयंपाकघरात शेगडीला बसवलेलं जाड लोखंडी दार मी वर्षानुवर्षं पाहत होतो. नेव्हिलच्या वाफ्यांच्या फाटकाला अडसर म्हणून एक लांब, सुबक दांडा होता. 'लॅम' पबमध्ये दारूच्या बाटल्यांमागं हवामानाची तबकडी होती. ती एकोणतीस वर्षं शून्यावर होती, पण थॉर्नबेकच्या हवामानाबद्दल कोणाची तिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. मी अर्धा पाइंट बिअर मागवली आणि पबमालकाला म्हणालो, "छान आहे तबकडी."

"हो ना," तो म्हणाला.

आमचं यावरचं संभाषण इथंच संपलं. चांगल्या गावात माणसाला 'तुमच्या भिंतीवरची वस्तू चोरीची आहे का' असं विचारता येत नाही. तो 'हो' म्हणाला तर पुढं बोलायचं काय?

पण अशा प्रसंगासाठी ग्रंथालयांनी एक उपाय शोधून ठेवलेला आहे. माफी सप्ताह! उशिरा आलेली पुस्तकं पेटीत टाका, दंड नाही, प्रश्न नाहीत. मी मे महिन्याचा दुसरा आठवडा जाहीर केला. ग्रंथालयाच्या दारात मोठी पेटी ठेवली. भिंतींवर पत्रकं लावली. चॅपलमध्ये, महिला मंडळात आणि लीक उत्पादक संघात मी भाषणं दिली. महिला मंडळातलं माझं एक वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. "आपल्या घरात शांतपणे चकाकणारी एखादी वस्तू," मी म्हणालो, "रात्रंदिवस आपल्याला काय सांगत असते, हे आपण कधी ऐकतो का?" सभागृहात विलक्षण शांतता पसरली. एक बाई खोकल्या. मिसेस हेसल्टन छताकडं बघत होत्या. माझ्या शब्दांचा परिणाम झाला, असा मी अर्थ घेतला.

आठवड्यानंतर पेटी उघडली. आत एक हातमोजा आणि घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीत सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'आधी आपण.'

मी ती एनिडला दाखवली. "बघ, किती सुसंस्कृत गाव आहे. चोरीचा माल परत करतानाही एकमेकांना वाट देतायत."

एनिड विणत होती. टाके मोजत म्हणाली, "अगदी."

त्यानंतर गाव बदललं. म्हणजे सगळे पूर्वीसारखेच नमस्कार करत, हवेबद्दल बोलत, पण घरी आले की छत्री हातातच धरून बसत. लमली ओली छत्री मांडीवर घेऊन चहा प्यायले. नेव्हिलच्या छत्रीचं पाणी माझ्या नव्या गालिच्यावर गळत होतं. "अरे, स्टँडमध्ये ठेव की," मी म्हणालो. "नको, राजा," तो म्हणाला, "असू दे. कशाला उगाच." लोक आपल्यावर नाराज झाले की आधी गालिच्यावर राग काढतात, असं मी मनात नोंदवलं. विल्फ तेवढे वेगळे वागत. ते आले की दाराशी थांबत आणि स्टँडला दोन बोटांनी टोपीचा सलाम करत. शहाऐंशीचे आता अठ्ठ्याऐंशी झाले होते. मी समजून घेतलं.

जून संपत आला. जत्रा आठ आठवड्यांवर. सरेहून रोपवाटिकेचं पत्र आलं की ट्रक कोणत्या तारखेला पाठवू, आणि चिमणीचा आतला व्यास कळवावा. मी ते पत्र विल्फना दाखवलं नाही. पण ज्या तऱ्हेनं ते त्या दिवशी अकरालाच बाकावरून उठले, त्यावरून त्यांना कळलं असावं. जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही प्रयत्न केलात, साहेब. पुष्कळ केलात." असं कोणी म्हणालं की माणसानं घरी जाऊन दार लावून बसावं. मी तेच केलं.

त्याच आठवड्यात मि. स्केल्टन कागद घ्यायला घरी आले. बाहेर धो धो पाऊस. ते परगावचे, त्यांना गावाच्या नाराजीची कल्पना नव्हती. ते सरळ स्टँडकडं गेले, छत्री आत सोडायला हात पुढं केला आणि थांबले. वाकले. खिशातून हातोडी काढली. टकटक केलं, कान लावला.

"हं," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या सगळ्या छत्र्या काढून भिंतीला टेकवल्या, ते स्टँड दोन्ही हातांनी आडवं केलं, आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. मी चष्मा लावून वाकलो. एकोणतीस वर्षांच्या मेणपॉलिशखाली चार आकडे होते. २, १, ४, ७.

"हे जोडलेलं नाही," मि. स्केल्टन म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं.

"एनिड!" मी ओरडलो.

"स्कोन ओव्हनमध्ये आहेत!"

"हे स्टँड कुठून आलं?"

ती पिठाचे हात पुसत बाहेर आली. आडव्या स्टँडकडं, मग माझ्याकडं बघितलं. "बाबांनी आणलं. खाण बंद झाली त्या शुक्रवारी."

"आणलं म्हणजे?"

"सांभाळायला."

माझे सासरे खाणीच्या कोठाराचे प्रमुख होते. कोठारातून काही जाऊ नये हेच पाहायचं त्यांचं काम.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे! सगळ्या गावाला माहीत आहे. मोठ्या रस्त्यावरून हातगाडीवर आणलं बाबांनी, लोक टोपी काढून उभे होते. तू परवा महिला मंडळात चकाकणाऱ्या वस्तूंबद्दल बोललास ना, तेव्हा मी शेजारच्या बाईला म्हटलं, बाई, माझा नवरा बिनडोक असेल पण धीट आहे."

मि. स्केल्टननी आपली ओली छत्री काखेत धरली आणि स्कोनसाठी थांबायचं नाकारलं. संवेदनशील माणूस.

मी खुर्चीत बसलो. लोक छत्री मांडीवर घेऊन का बसले होते, ते मला कळलं. चिठ्ठी कळली. महिला मंडळातली ती शांतता कळली. दोन आठवडे मी गावाला सदसद्विवेक शिकवत होतो, आणि माझ्या छत्र्या अर्सुलाच्या टोपीत उभ्या होत्या. आणि हे लोक इतके सभ्य, की एकानंही सांगितलं नाही. शरमेनं मरू दिलं असतं, पण सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी एकचाकी गाडीत ठेवली. एनिड म्हणाली, चादर टाक वर. मी नको म्हणालो. दहा वाजता, बाजाराच्या वेळेला, मोठ्या रस्त्यानं मी निघालो. पितळ उन्हात असं चमकत होतं की आंधळ्यालाही दिसावं. ती गाडीत अशी टणत्कारत होती की बहिऱ्यालाही ऐकू जावं.

"छान उघडलंय आज, ऑल्डरसनसाहेब," पोस्टमास्तर म्हणाले.

"हो, छान उघडलंय."

"दुपारी परत येईल म्हणतात," खाटकाच्या बायकोनं सांगितलं.

"म्हणतात खरं."

पाचशे यार्डांच्या रस्त्यावर अकरा जण माझ्याशी पावसाबद्दल बोलले. गाडीत काय आहे, याच्याकडं एकाचीही नजर गेली नाही.

विल्फ बाकावर होते. ते उठले. टोपी काढली. मी आणि लमलींनी मिळून पितळी टोपी अर्सुलाच्या पाठीवर चढवली, आणि ती एका आवाजात जागेवर बसली.

"हां," विल्फ म्हणाले. "आता कशी माणसात आलीस, पोरी."

गुरुवारी चॅपलमध्ये सकाळची कॉफी असते. लोक घरून केकचे डबे आणतात. त्या गुरुवारी डबे नेहमीपेक्षा जड असावेत, कारण एकेक डबा दोघादोघांनी उचलून आणला. मी झाकणं उघडली. जाळीदार कागदी रुमालावर तबकडी. पबमालक म्हणाला, "तळघरात आपोआप सापडली बघा." नेव्हिलनं आपल्या डब्यातून दांडा काढला आणि म्हणाला, "याचा लीकना काही उपयोग नव्हता." भट्टीचं दार डब्यात मावत नव्हतं, म्हणून चॅपलच्या बायकांनी शेगडीवरून काढून त्यावरच सँडविच मांडले होते. संपले की घेऊन जा, म्हणाल्या. आम्ही सगळे जोरात खायला लागलो.

शेवटी मिसेस हेसल्टन आल्या. त्यांच्या हातात स्वच्छ रुमालात गुंडाळलेली, बोटभर लांबीची नव्हे, हातभर लांबीची पितळी शिट्टी होती.

"माझ्या दिवंगत नवऱ्याच्या मोज्यांच्या कपाटात होती," त्या म्हणाल्या. "आणि मि. ऑल्डरसन, मी अजून विरोधातच आहे. मोजताना एक इंचही सोडणार नाही."

"आपल्याकडून तीच अपेक्षा आहे, मॅडम," मी म्हणालो. आम्ही दोघांनी कॉफी घेतली. फार चांगली कॉफी होती.

जत्रेच्या दिवशी आभाळ निळंशार. मि. स्केल्टननी अर्सुलाला शेवटची टकटक केली आणि कागदावर सही केली. विल्फ पहाटेपासून भट्टीशी होते. खाणीतला जुना कोट, गळ्यात रुमाल. दोघांनी आधार देऊन त्यांना वर चढवलं, पण वर गेल्यावर त्यांना कोणाच्या आधाराची गरज उरली नाही. तबकडीचा काटा एकोणतीस वर्षांनी शून्यावरून हलला तेव्हा पबमालक डोळे टिपत म्हणाला, "वादळ येणार."

झोपाळ्यापासून कुंपणापर्यंत नेव्हिलनं लीक मोजायची फीत अंथरली. सगळं गाव फितीच्या दोन्ही बाजूंना. मिसेस हेसल्टन पांढऱ्या पोशाखात, पांढऱ्या हॅटमध्ये, दहाव्या यार्डाच्या खुणेपलीकडं, कुंपणाला टेकून.

विल्फनी डोकं बाहेर काढलं. "छत्र्या उघडा!"

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. पण इंग्रज माणसाजवळ छत्री असते, आणि म्हाताऱ्या माणसानं अधिकारानं काही सांगितलं तर तो कारण विचारत नाही. फटाफट तीनशे छत्र्या उघडल्या.

"आज पाऊस नाही, मि. टन्स्टॉल," मिसेस हेसल्टन म्हणाल्या, आणि छत्री काखेतच ठेवली.

शिट्टी वाजली. ती कशी वाजली ते मला लिहिता येणार नाही. चॅपलच्या बायकांतल्या दोघी खाली बसल्या. मग विल्फनी दांडा ओढला. अर्सुलाच्या पोटात काहीतरी खाकरलं, आणि चिमणीतून एकोणतीस वर्षांचं पाणी, काजळी, पिसं आणि बर्चची मुळं एका दमात आभाळात गेली, आणि काळ्या पावसासारखी खाली आली. छत्र्यांवर टपटप आवाज झाला. नेव्हिल छत्री उलटी धरून लीकसाठी काजळी गोळा करत होता. आणि त्या काळ्या पावसातून अर्सुला निघाली. एक यार्ड. तीन. सहा. चाकं किरकिरत होती, मि. लमली दात आवळून ऐकत होते. नऊ. तिचे पुढचे लोखंडी बफर मिसेस हेसल्टनच्या पोटापासून हातभर अंतरावर आले आणि तिथं, अगदी अदबीनं, थांबले.

विल्फ खाली बघत नव्हते. त्यांचा एक हात तिच्या गरम पत्र्यावर होता, तो ते काढत नव्हते.

मिसेस हेसल्टन खाली वाकल्या. फीत बघितली. पोशाखावर पांढरं म्हणता येईल असं काही उरलं नव्हतं. त्या सरळ झाल्या, आणि नाकाच्या शेंड्यावरचा काजळीचा थेंब पुसत त्यांनी चिटणिसाला सांगितलं, "दहा यार्ड, चार इंच. नोंद करा. सरेला पत्र लिहा. आणि मि. टन्स्टॉलना विचारा, परत मागं नेणार असतील तर मला वर बसता येईल का."

पुढच्या सोमवारी पाऊस होता. विल्फ घरी आले. स्टँड नसल्यानं आम्ही आता छत्र्या न्हाणीघरातल्या टबात ठेवतो. आपली छत्री तिथं ठेवून ते बैठकीत आले आणि कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी कागद सोडला. 'बॉयलरची निगा आणि भट्टीची शिस्त'. पानं तेलकट, कडा जळकी, मधेमधे कोळशाचे अंगठे.

"फायरमनच्या परीक्षेला नेलं होतं," विल्फ म्हणाले. "पास झालो. मग वाटलं, आज देऊ, उद्या देऊ. तुमच्या माफी सप्ताहात आणणार होतो. पण सगळ्या गावानं ठरवलं होतं ना, आधी तुम्ही."

छत्तीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा असा, सोमवारी, ओल्या मोज्यांसह आला. मी सवयीनं परतीची तारीख बघितली.

"विल्फ," मी शेवटी म्हणालो, "माफीची मुदत मे महिन्यातच संपली."

"असं होय," ते म्हणाले. "मग आता?"

एनिडनं स्कोन आणले, त्यामुळं तो प्रश्न तिथंच राहिला.

पुस्तक अर्थात ग्रंथालयाचं आहे. ते परत करून नोंदवहीतल्या त्या काळ्या अंगठ्यापुढं तारीख घालणं हे माझं कर्तव्य आहे, आणि मी ते करणार आहे. पण तिथं आता नवी मुलगी आली आहे, आणि अशा जुन्या पुस्तकांना दमट हवा चालत नाही. बैठकीत शेल्फवर, खिडकीपासून लांब, ते बरं राहील. येणारे जाणारे बघतात, हवेबद्दल बोलतात. मी ते सध्या सांभाळून ठेवलं आहे.